सबवूफर बिघडला? डबा उघडण्यापूर्वी हे पाहा

नागपूरच्या प्रताप नगरातील एका घरची गोष्ट अलीकडे आमच्या कानावर आली. होम थिएटरचा सबवूफर हमिंग करीत होता. आलेल्या कारागिराने पाच मिनिटांत 'वूफर गेला' असे सांगून नवा बसविला आणि पैसे घेतले. हमिंग मात्र तसेच राहिले. पुढे दुसऱ्याने पाहिले, तेव्हा दोष साध्या तारेत निघाला. गिऱ्हाईकाचे पैसे वाया गेले आणि पहिल्या कारागिराला त्या इमारतीतून पुन्हा बोलावणे आले नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर पोट असलेल्या आपल्या बंधूंनी यातून धडा घ्यावा, म्हणून हा लेख.

सबवूफरचे काम ठराविक आहे. सेकंदाला साधारण २० ते १२० कंपनांचा खोल आवाज तेवढा तो देतो. बहुतेक सबवूफरच्या डब्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. म्हणून दोष रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये, तारेत, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, स्पीकरमध्ये किंवा चक्क खोलीतही असू शकतो. शोध नेहमी बाहेरून आत न्यावा.

आवाज मुळीच येत नसेल तर प्रथम रिसीव्हरचा मेनू पाहा. सबवूफर 'येस' आहे का? बाकीचे स्पीकर 'लार्ज' ठेवले असतील, तर साध्या स्टीरिओ कार्यक्रमात सगळा बास त्यांच्याकडेच जातो आणि सबवूफर गप्प बसतो. ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. नंतर रिसीव्हरची तार काढून डीव्हीडी प्लेअरचा आवाज दुसऱ्या, चांगल्या तारेने थेट सबवूफरला द्या. आवाज आला तर डबा उघडण्याचे कारणच उरत नाही. दोष तारेत किंवा रिसीव्हरकडे आहे.

हमिंग असेल तर सबवूफर चालू ठेवून फक्त इनपुटची तार काढा. हमिंग थांबले, तर तारेची जाळी तुटली आहे किंवा दोन ठिकाणच्या अर्थिंगचा घोळ आहे. तार बदलून पाहा. टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डवर घ्या, केबल टीव्हीची तार थोडा वेळ काढून पाहा. कूलर सुरू असतानाच खरखर येत असेल, तर कूलरची लाईन वेगळी करा. हमिंग घालविण्यासाठी अर्थची पिन कापू नका. त्यात जिवाला धोका आहे.

तार काढूनही हमिंग राहिले, तर दोष आत आहे. पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर प्रथम तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बंद कपाटात ठेवलेल्या सेटचे कपॅसिटर या उष्णतेने लवकर सुकतात.

आवाज फाटत असेल तर सेट बंद करून कोन दोन्ही हातांनी सारखा, हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉईल घासते आहे. स्पीकरची तार सोडवून मीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.५ ओहम दाखवितो. मीटर काहीच दाखवीत नसेल तर कॉईल तुटली आहे. तेव्हाच 'वूफर गेला' म्हणावे.

सगळे ठीक असूनही बास नाही, अशी तक्रार असेल तर खोली पाहा. चौदा फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज लांबीच्या बरोबर मधोमध फार कमी ऐकू येतो आणि भिंतींजवळ जास्त. सोफा मधोमध असेल तर तो दोन फूट सरकवा. सबवूफर कोपऱ्याकडे नेऊन पाहा. मागचे फेजचे बटण ० वरून १८० वर करून पाहा. एकाही पैशाचा सुटा भाग न लागता काम होते.

डबा उघडावाच लागला तर सावध राहा. स्विचिंग सप्लायमध्ये ३२५ व्होल्टच्या जवळपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. दुरुस्तीनंतर सेट प्रथम सिरीज बल्बवर चालवा. फ्यूज त्याच क्षमतेचा टाका, त्या जागी तार बांधू नका.

काही बंधू विचारतील, भाग न बदलता पैसे कसे मागायचे? आमचे सांगणे असे की तपासणीची मजुरी आधीच ठरवावी आणि ती मोकळेपणाने घ्यावी. दोष शोधणे हेच खरे कसब आहे. भाग बदलला तर जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा आणि बिलावर लिहावा. घरी आलेला सेट ही अमानत आहे. प्रताप नगरात ती एक तार काढून पाहिली असती, तर एक वूफर वाचला असता आणि गिऱ्हाईकही टिकले असते.