ठळक अक्षरांचें काम

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथें 1939 सालीं द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उपलब्ध झाला. राज्याच्या 37 व्या वर्षीं दिलेल्या ग्रामदानाचें हें शासन असून त्याची भाषा कांहीं संस्कृत व कांहीं प्राकृत आहे. वाकाटकांच्या लेखांची लिपि 'पेटिकाशीर्षक' या नांवानें ओळखली जाते. अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी चौकोनी पेटी असते. ती कधीं पोकळ, कधीं भरीव. उच्चाराच्या दृष्टीनें या पेटीला कांहींच अर्थ नाहीं. परंतु तिच्यामुळें अक्षराला भारदस्तपणा येतो आणि ओळीचा माथा बांधला जातो. ज्या लेखावर पिढ्यान्‌पिढ्यांचा जमिनीचा हक्क अवलंबून राहावयाचा, त्याला असें वजन शोभूनच दिसतें.

युरोपांत हेंच वजन पुढें शिशाच्या खिळ्यांनीं साधलें. रोमन अक्षरांतील रेषांच्या टोकांस जी आडवी नखी काढतात, तिला सेरिफ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत बोडोनीनें व फ्रान्समध्यें दिदो घराण्यानें उभ्या रेषा जाड ठेवून आडव्या रेषा आणि सेरिफ केसासारखे बारीक केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या ओतकामगारांनीं उभी रेषा इतकी फुगविली कीं, अक्षर म्हणजे जणूं काळा ठोकळाच! सोडतीच्या जाहिराती व भिंतीवरील पत्रकें यांना तें फार मानवलें, कारण रस्त्यानें जाणाऱ्याची नजर तें दुरूनच खेंचून घेई. बारीक मजकुरांत मात्र त्याच अक्षराचे दोष उघडे पडतात. हलक्या कागदावर केसासारख्या रेषा तुटतात, आणि जाड रेषांमधील मोकळी जागा शाईनें बुजून जाते.

देवनागरींत ही अडचण अधिकच. तिरप्या कापलेल्या बोरूमुळें आपल्या अक्षरांच्या वळणांत जाड व बारीक रेषा रोमनच्या उलट बाजूंस पडतात, आणि शिरोरेषा तर ठसठशीत असावीच लागते. ती बोडोनीच्या धर्तीवर बारीक केली, तर शब्दाचा कणाच मोडतो. उलट सर्वच रेषा फुगविल्या, तर 'क्ष', 'द्ध' यांसारख्या जोडाक्षरांचीं पोटें भरून जातात. मुंबईंत जावजी दादाजींनीं स्थापिलेल्या निर्णयसागराच्या खिळ्यांना कीर्ति मिळाली ती काळेपणामुळें नव्हे. सुबक वळण आणि पोटांतील मोकळीक यांमुळें.

म्हणून ठळक अक्षराचें क्षेत्र थोड्या शब्दांचें आहे: ग्रंथाचें नांव, वृत्तपत्राचा मथळा, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी. सबंध पान तशा अक्षरांनीं भरलें, तर महत्त्वाचा शब्द व किरकोळ शब्द यांतील भेदच नाहींसा होतो. सभेंत वक्ता एखाद्याच वाक्यावर आवाज चढवितो, तेव्हां तें वाक्य श्रोत्याच्या ध्यानांत राहतें. छापील पानालाही हाच नियम लागू आहे.