दूरदर्शनच्या वाहिन्या मोफत पाहा : डीडी फ्री डिश आणि वेव्ह्ज ॲप

टीव्हीसाठी दरमहा रिचार्ज करणे अनेक घरांना परवडत नाही. जबलपूरच्या महाराजपूरसारख्या हिंदीभाषक भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण असते. केबलवर मराठी वाहिनी मिळेलच असे नाही. या दोन्ही अडचणींवर प्रसार भारतीच्या दोन सेवा उपयोगी पडतात. मात्र त्यांत ‘मोफत’ काय आहे आणि खर्च कुठे येतो, हे आधी समजून घ्या.

१. डीडी फ्री डिश (छत्रीवरून)

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही आणि रिचार्जही नाही. छत्री, सेट टॉप बॉक्स आणि जोडणी यांचा खर्च एकदाच येतो. तो साधारण २,००० रुपयांच्या आसपास असतो.

खासगी वाहिन्या या सेवेत जागा मिळवण्यासाठी ई-लिलावात बोली लावतात आणि प्रसार भारतीला पैसे देतात. त्यामुळे प्रेक्षकाला पैसे द्यावे लागत नाहीत. लिलावानंतर काही खासगी वाहिन्या जातात, तर काही नव्या येतात. एखादी वाहिनी दिसेनाशी झाली, तर रिमोटवरून वाहिन्या पुन्हा शोधा (ऑटो स्कॅन). त्यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही.

प्रक्षेपण उपग्रहावरून होत असल्याने डीडी सह्याद्री ही दूरदर्शनची मराठी वाहिनी महाराष्ट्राबाहेरही दिसते. मुंबईत जी सह्याद्री दिसते, तीच जबलपूरमध्येही दिसते.

लक्षात ठेवा :
• जबलपूरहून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे असावे. समोर झाड किंवा भिंत नको.
• नवा बॉक्स घेताना तो एमपेग-४ असल्याची खात्री करा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.
• जोरदार पावसात चित्र अडकू शकते. पाऊस ओसरला की ते आपोआप सुरू होते.

२. वेव्ह्ज ॲप (मोबाईलवर)

प्रसार भारतीने हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू केले. सुरुवातीलाच त्यावर ६५ हून अधिक थेट वाहिन्या होत्या. मराठीसह १२ हून अधिक भाषांतील कार्यक्रम त्यावर आहेत.

दूरदर्शनच्या थेट वाहिन्या पाहण्यासाठी वेगळे शुल्क नाही, पण इंटरनेटचा डेटा तुमचाच खर्च होतो. एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालणारे चित्र तासाला सुमारे ४५० एमबी डेटा घेते. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तो साधारण सव्वातीन तासांत संपतो. मुलांचा ऑनलाइन अभ्यास त्याच फोनवर होत असेल, तर हा हिशेब आधी करा. चित्राचा दर्जा कमी ठेवल्यास डेटा वाचतो.

ॲपमध्ये काही सशुल्क योजनाही आहेत. फक्त थेट वाहिन्या पाहायच्या असतील, तर त्या घेऊ नका.

कोणती सेवा निवडावी?

घरात टीव्ही असेल आणि सगळे मिळून पाहत असतील, तर फ्री डिश स्वस्त पडते. टीव्ही नसेल, भाड्याच्या खोलीत छत्री लावता येत नसेल किंवा बातम्या थोडा वेळच पाहायच्या असतील, तर ॲप सोयीचे आहे.

सेट टॉप बॉक्स सरकारकडून मोफत मिळतो का?

सर्वांना नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘बाइंड’ योजनेत (कालावधी २०२५-२६ पर्यंत) ८ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याची तरतूद झाली. ती दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमावर्ती भागांसाठी होती. शहरातील घराला केवळ रेशनकार्ड आहे म्हणून हा बॉक्स मिळत नाही.

सावध राहा

• ‘मोफत बॉक्ससाठी नोंदणी शुल्क भरा’ असे सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.
• फ्री डिशच्या नावाने मासिक रिचार्ज मागितल्यास नकार द्या. या सेवेत रिचार्ज नसतोच.
• टीव्ही पाहण्यासाठी आधार क्रमांक किंवा बँक खात्याची माहिती लागत नाही. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.
• ॲप फोनच्या अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्या. प्रकाशक म्हणून प्रसार भारतीचे नाव आहे का, ते पाहा. संदेशात आलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका.