खेळांतील प्रकाशकिरण आणि त्यांची किंमत

आरशांत प्रतिबिंब कसें पडतें, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. परंतु व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर तेंच प्रतिबिंब खेळ चालू असतां उमटविणें फार खर्चाचें काम आहे. रूढ पद्धतींत सावल्या व प्रतिबिंबें बहुधा युक्तीनें भासविलीं जातात. 'रे ट्रेसिंग' पद्धतींत मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून उलट दिशेनें किरण सोडून, तो कोठें आपटतो व कोठें वळतो, याचा हिशेब मांडतात. टर्नर व्हिटेड यांनीं १९८० सालीं अशीं प्रतिबिंबें दाखविलीं, तेव्हां एकेका चित्रास तास-तासभर लागे.

२०२० सालीं आलेल्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलांत या कामाची खास यंत्रणा आहे. तथापि सेकंदास ६० चित्रें हवीं असल्यास एका चित्रास सुमारें १७ मिलिसेकंदच मिळतात. 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस' या खेळांत किरणांचीं प्रतिबिंबें हवीं, तर आरंभीं ३० चित्रांवरच समाधान मानावें लागे. पुढें ६० चित्रांची सोय झाली. पण तीसाठीं चित्राची सुस्पष्टता व रस्त्यावरील गर्दी कमी करावी लागली. सोनीचे मार्क सर्नी यांनीं २०२४ सालीं सांगितलें कीं, निवडीची वेळ आली असतां खेळाडू सुमारें तीन-चतुर्थांश वेळां वेगच पसंत करितात.

मग हा खटाटोप व्यर्थ काय? तसें नाहीं. 'मेट्रो एक्झोडस'च्या २०२१ च्या सुधारित आवृत्तींत संपूर्ण प्रकाशयोजनाच किरणांवर उभारली आहे, आणि तरीही ६० चित्रांचें उद्दिष्ट ठेविलें आहे. सारांश, किरण हे वरून चढविलेले दागिने असतील, तर त्यांसाठीं वेग गमावणें तोट्याचें. खेळाचा पायाच असतील, तर खर्च सार्थकीं लागतो.