पादत्राणांची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूर–हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता जेथे मिळतो, त्या जाम चौरस्त्याच्या परिसरात हॉटेलात, गॅरेजात वा सूतगिरणीत आठ-आठ तास उभ्याने काम करणारा मनुष्य टाच दुखू लागली की दोष वयाला देतो. आणि चपलेकडे लक्ष गेलेच, तर ‘ऑर्थो’ असा शिक्का असलेला जोड बिनदिक्कत खरेदी करतो. वस्तुतः त्या शिक्क्यावरून कशाचीच खातरजमा होत नाही.

गैरसमज : तळ जितका मऊ, तितका आराम अधिक.
वस्तुस्थिती : अंगठ्याने दाबताच खचणारा तळ दुकानात सुखद भासला, तरी देहभाराखाली तो लवकरच बसतो. म्हणून टाचेमागची बाजू दाबून पाहावी, ती चेपू नये. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा, तो सहजी पिळला जाऊ नये. आणि वाकवल्यास तो मध्यभागी न दुमडता बोटांच्या मुळाशी वाकावा.

गैरसमज : घट्ट जोड वापराने सैलावतो.
वस्तुस्थिती : तोवर पायाला फोड वा कुरूप होते. दिवसभरात पाय किंचित सुजतात, यास्तव माप सायंकाळी, उभे राहून, मोठ्या पायाचे घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी.

गैरसमज : सपाट तळव्याच्या मुलाला खास बूट हवेतच.
वस्तुस्थिती : तळव्याची कमान बालपणी हळूहळू घडते, पाय लवचीक असून दुखत नसेल, तर सहसा उपचाराची गरज नसते. राव आणि जोसेफ यांनी भारतातील २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सपाट तळव्यांचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे जोड योग्य आहे.
वस्तुस्थिती : मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळव्याची संवेदना गेली, की आत शिरलेला खडा दिवसभर रुतत राहिला तरी कळत नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळच्या दत्तपूरला आरंभिलेल्या कुष्ठसेवेची आणि वरोऱ्याच्या आनंदवनाची परंपरा लाभलेल्या या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. अशा पायांसाठीच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेत वर दबूनही न बसणारे रबर, खाली टणक तळ आणि मागे पट्टा असतो. खिळा मात्र एकही नसतो. ती घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, रात्री तळवे आरशात न्याहाळावेत आणि जखम दिसताच, ती दुखत नसली तरी, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठावे.