बॅगेत न मावणारी शिदोरी

परदेशवारी ठरली की घरात महिनाभर आधी लगीनघाई सुरू होते. चिवडा, मेतकूट, गोळ्यांचे डबे, स्वेटर आणि बॅग तोलायला शेजाऱ्यांकडून आणलेला ताणकाटा! या यादीत एका गोष्टीला मात्र जागा नसते: जिथे जायचे तिथल्या भाषेतली चार वाक्ये. ‘मराठी टूर मॅनेजर आहे ना,’ म्हणून आपण विषय मिटवतो. आता तर मोबाइलच भाषांतर करून देतो.

उदाहरणादाखल जपान घेऊ. त्या लिपीकडे पाहूनच धडकी भरते हे खरे. पण बोलण्यापुरते पाहिले तर या भाषेची ठेवण आपल्याला बरीच ओळखीची आहे. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पितो’. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. अगदी आपला क्रम. प्रत्ययही आपल्यासारखे शब्दामागून येतात: ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला, ‘तोक्यो कारा’ म्हणजे तोक्योहून. गंमत पुढेच आहे. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा! ‘इकिमासु’ म्हणजे जातो आणि ‘इकिमासु का?’ म्हणजे जाता का? हा निव्वळ योगायोग. पण परक्या गावात ओळखीचा चेहरा दिसावा तसा तो धीर देतो.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळावे. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान’ म्हणजे काकू. त्यातला ‘बा’ लांबवला की झाली आजी. आणि पन्नाशीतल्या बाईंना आजी म्हटल्याचे परिणाम सगळ्या जगात सारखेच!

मग शिकायचे काय? पहिला शब्द ‘सुमिमासेन’. माफ करा, जरा ऐकता का आणि तुम्हाला तसदी दिली, या तिन्ही ठिकाणी तो चालतो. दुसरा ‘आरिगातो गोझाइमासु’, म्हणजे आभारी आहे. ‘इकुरा देसु का?’ म्हणजे केवढ्याला? ‘तोइरे वा दोको देसु का?’ म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे? साठी उलटलेल्यांनी हे वाक्य सर्वांत आधी पाठ करावे. जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणतात. नम्रपणे ग्रहण करतो, असा त्याचा भाव. ताटापुढे हात जोडणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको.

शाकाहारी मंडळींसाठी ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’: मांसही मासेही खात नाही. पण तेवढ्याने भागत नाही. मिसो सूप आणि नूडल्सचा रस्सा बहुधा ‘दाशि’वर करतात, आणि त्यात पुष्कळदा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विचारावा लागतो. ज्यांना एखादा पदार्थ बाधतो त्यांनी त्याचे नाव जपानीत लिहवून घेऊन पाकिटात ठेवावे. शिवाय दोन आकडे लक्षात असावेत: पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119.

हे सारे मोबाइल करीलच की, असे कोणी म्हणेल. करील, आणि जरूर करू द्यावे. पण अनोळखी माणसापुढे मोबाइल धरण्याआधी ‘सुमिमासेन’ आपणच म्हणायचे असते. बँकेत काउंटरमागे बसून मी पाहिले आहे. परप्रांतातला खातेदार मोडक्यातोडक्या मराठीत ‘साहेब, पासबुक भरून द्या’ म्हणाला की रांग कितीही लांब असो, कारकुनाची मान वर होई. भाषा चुकीची असे. पण तिच्यामागचे कष्ट ओळखू येत.

सहलीला जाणारे आठ दिवसांत परततात. खरी गरज आहे ती मुलाकडे वा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना. तोक्योच्या निशिकासाइ भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे आपली भाषा कानावर पडेलही. पण इतरत्र मुले सकाळी कामावर गेली की दार लोटून खिडकीशी बसणे उरते. अशा वेळी जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीला ‘ओहायो गोझाइमासु’ एवढे म्हणता आले तर उद्या ती आपणहून थांबेल, परवा नातवाचे नाव विचारील. पुढचे शब्द तीच शिकवील.

विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते. या शिदोरीला नाही.