हुकूम एकाचा, बळ दुसऱ्याचे

बोरिवली स्थानकात बारा डब्यांची लोकल गाडी उभी असते. डब्यांतून माणसांची दाटी झालेली असते. इशारा मिळताच मोटरमन आपल्यासमोरील लहानशी मूठ फिरवतो आणि शेकडो टन वजनाची ती गाडी चालू लागते. ती मूठ फिरवावयास एखाद्या शाळकरी मुलाचे बळही पुरेल. मग एवढी गाडी ओढण्याचे बळ येते कोठून? ते मोटरमनच्या हातातून येत नाही आणि मुठीतूनही येत नाही. ते रुळांवर ताणलेल्या तारेतून येते. मूठ केवळ हुकूम देते.

हुकूम आणि बळ यांतील हा भेद ज्याला नीट उमगला, त्याला लहान मोटर यंत्राला कशी जोडावी, हे निम्मे समजले असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली. पुढे ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्गही विजेवर सुरू झाला. त्या काळी तारेत १५०० व्होल्ट दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज असे. मोटरमनच्या मुठीतून जाणारा प्रवाह अगदी थोडा असे. तो डब्यांच्या तळाशी बसविलेल्या मोठ्या विद्युत्चुंबकी खटक्यांना उघडमिटीची आज्ञा देई, आणि मोटरींचा खरा, जबरदस्त प्रवाह त्या खटक्यांतून जाई. उपनगरी मार्गांवरील जुनी वीजव्यवस्था बदलून तेथे २५,००० व्होल्टची, दिशा पालटत राहणारी वीज आणण्याचे काम २०१६ साली पूर्ण झाले. आजच्या गाड्यांत खटक्यांचे मुख्य काम अर्धवाहक उपकरणे करतात. साधने बदलली, नियम मात्र तोच राहिला.

आता हाच नियम प्रयोगशाळेच्या टेबलावर कसा लागू पडतो, ते पाहू. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतील मुले आज शाळेत किंवा घरी लहान स्वयंचलित गाड्या तयार करतात. त्यांना लागणारे सुटे भाग ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिळतात. अशा गाडीचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात सूक्ष्मनियंत्रक. नखाएवढ्या जागेत मावणारा तो एक संगणकच होय. शिकाऊ मुलांच्या हाती बहुधा जो आर्डुइनो उनो नावाचा फलक असतो, त्यावरील सूक्ष्मनियंत्रक ५ व्होल्टवर चालतो. त्याच्या प्रत्येक पिनेतून सुमारे २० मिलिॲम्पिअर प्रवाह निर्धास्तपणे घेता येतो. ४० मिलिॲम्पिअर ही तर त्याच्या सहनशक्तीची अखेरची सीमा आहे.

उलट, पिवळ्या आवरणातील दातेरी चाकांची जी लहान मोटर अशा गाडीला बसवितात, तिला मोकळी फिरतानाही या मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह लागतो. ओझे पडले की तिची भूक आणखी वाढते. चाक अडले तर ती पूर्वीच्या कित्येक पट प्रवाह मागू लागते. म्हणून मोटरीची तार थेट पिनेला जोडणे म्हणजे लोकल गाडीचा सारा प्रवाह मोटरमनच्या मुठीतून नेण्यासारखे आहे. मोटर तर फिरत नाहीच. पण ती पिन, आणि कधी कधी संपूर्ण सूक्ष्मनियंत्रक, कायमचा निकामी होतो.

अडलेली मोटर इतका प्रवाह का ओढते? मोटरीच्या पोटात चुंबकांमध्ये तारेची वेटोळी फिरत असतात. चुंबकांमध्ये वेटोळे फिरले की त्यात वीज उत्पन्न होते, हा निसर्गाचा नियम आहे. फिरती मोटर म्हणूनच एक लहानसे जनित्रही असते. तिच्यात उत्पन्न होणारा दाब बाहेरून येणाऱ्या दाबाला विरोध करतो आणि प्रवाहाला लगाम घालतो. मोटर थांबलेली असली म्हणजे हा लगाम उरत नाही. प्रवाह मोकाट सुटतो. आरंभीच्या क्षणीही हेच घडते. जुन्या लोकल गाड्यांत याच कारणासाठी गाडी सुटताना मोटरींच्या वाटेत मोठाले रोध घालीत असत आणि वेग वाढू लागला की ते एकेक करून काढून घेत.

आता मोटर आणि सूक्ष्मनियंत्रक यांच्यामध्ये एक खटका हवा, आणि तो थोड्या प्रवाहाच्या आज्ञेत वागणारा हवा, हे उघड आहे. ट्रान्झिस्टर हा तसा खटका आहे. त्याला तीन पाय असतात. एका पायाला पिनेकडून, मध्ये रोध घालून, किंचित प्रवाह दिला की उरलेल्या दोन पायांमधून मोठ्या प्रवाहाची वाट खुली होते. मोटर एकाच दिशेने फिरवावयाची असल्यास एक ट्रान्झिस्टर पुरतो. ती दोन्ही दिशांनी फिरवावयाची तर चार खटके लागतात. समोरासमोरची, तिरकस जोडी उघडली की मोटर सुलट फिरते; दुसरी जोडी उघडली की उलट. एकाच बाजूचे दोन्ही खटके एकदम उघडले, तर बॅटरीची दोन टोके परस्परांना भिडतात आणि सारे तापून जळते. हे चार खटके एकत्र बसविलेली तयार चकती मिळते. एल-२९३-डी ही त्यांपैकी फार प्रसिद्ध आहे. तिच्यात दोन मोटरींची सोय असते आणि प्रत्येक मोटरीला ती ६०० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते. हे काम करताना ती स्वतः मात्र सुमारे दोन व्होल्ट किंवा थोडा अधिक दाब खाऊन टाकते. ६ व्होल्टची बॅटरी जोडूनही मोटर मंद का फिरते, याचे कारण अनेकदा हेच असते.

ट्रान्झिस्टर एकटा वापरला, तर मोटरीशी एक डायोड जोडणे अगत्याचे असते. प्रवाह वेटोळ्यांतून वाहत असताना अचानक तोडला, तर वेटोळी त्याला विरोध करतात आणि क्षणभर उलटा, फार मोठा दाब निर्माण होतो. त्या एका धक्क्याने ट्रान्झिस्टर मरू शकतो. डायोड ही विजेची एकमार्गी वाट होय. ज्या टोकावर त्याची पट्टी असते, ते बॅटरीच्या धन बाजूकडे ठेवून तो मोटरीच्या दोन टोकांमध्ये जोडला, म्हणजे तो धक्का मोटरीतच फिरून शमतो. एल-२९३-डी मध्ये असे डायोड आतच बसविलेले असतात.

पुढचा प्रश्न शिदोरीचा आहे. पुष्कळ मुले सूक्ष्मनियंत्रक व मोटर यांना एकाच लहान बॅटरीवर चालवू पाहतात. मग विचित्र प्रकार घडतो. गाडी एक हिसका देते, थांबते, पुन्हा हिसका देते. मुलाला वाटते, आपला आज्ञाक्रम चुकला. तो बिचारा दिवसचे दिवस त्यातील ओळी तपासत बसतो. वास्तविक मोटर सुरू होताच बॅटरीचा दाब कोसळतो, सूक्ष्मनियंत्रक क्षणभर बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येताच पहिल्या आज्ञेपासून पुन्हा आरंभ करतो. दोष बुद्धीत नसतो, अन्नात असतो.

यावर उपाय सोपा आहे. मोटरींना त्यांची स्वतंत्र बॅटरी द्यावी. दीड व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडले असता ६ व्होल्ट मिळतात आणि लहान गाडीला ते पुरतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आकड्याने मोठी दिसते खरी. पण तिचा अंतर्गत रोध बराच असल्यामुळे ती मोठा प्रवाह देऊ शकत नाही. व्होल्टचा आकडा पाहून भुलू नये. ती बॅटरी किती ॲम्पिअर देईल, हेही विचारावे.

तथापि, बॅटऱ्या दोन झाल्या तरी त्यांची ऋण टोके एकमेकांस जोडलीच पाहिजेत. लोकल गाडीची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते. परतीची वाट नसेल तर एक चाकही हलणार नाही. सूक्ष्मनियंत्रकाची आज्ञाही प्रवाहच आहे आणि तिलाही परतीची वाट लागते. ऋण टोके वेगळी राहिली, तर आज्ञा सुटते पण पोहोचत नाही. धन टोके मात्र चुकूनही एकत्र करू नयेत.

वेग कमी करावयाचा झाल्यास प्रवाह अडवून उष्णतेत दवडण्याची गरज नाही. खटका सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करावा. उघडा काळ अधिक ठेवला तर वेग अधिक, कमी ठेवला तर कमी. आर्डुइनोत यासाठी ० ते २५५ असे आकडे देतात. १२८ दिला तर खटका जवळजवळ निम्मा वेळ उघडा राहतो.

जोडणी पुरी झाली की लगेच कळ दाबण्याची घाई करू नये. प्रथम चाके जमिनीपासून उचलून धरावी. ऋण टोके जोडली आहेत काय, डायोडाची पट्टी योग्य बाजूला आहे काय, कोठे उघड्या तारा एकमेकींना स्पर्श करतात काय, हे बोट ठेवून पाहावे. मग एकच मोटर चालवावी व चकतीजवळ हात नेऊन ती तापते काय, हे अजमावावे. घरातील भिंतीच्या खोबणीत २३० व्होल्टची वीज असते. तिचा या खेळाशी कधीही संबंध जोडू नये. रेल्वेच्या तारेपासून तर दूरच राहावे, कारण २५,००० व्होल्टची वीज स्पर्शाचीही वाट पाहत नाही. पुरेशी जवळीक झाली तरी ती हवेतून झेप घेते. सहा व्होल्टच्या टेबलावर मात्र चुका करावयास मोकळीक आहे. तेथे फार तर चार रुपयांचा डायोड जाईल. आणि तो का गेला, हे शोधून काढणाऱ्याला विद्या मिळेल.