पैसे दिले, पण घेतलं काय?

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. तरी हा विषय मराठीतच लिहायचा होता. कारण ज्यांच्यासाठी मी तो समजून घेतला ते माझे काका आणि दादा भिवंडीत राहतात, आणि लायसन्सची ती चार इंग्रजी पानं दोघांनीही वाचलेली नव्हती. खरं सांगायचं तर 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक मीच केलं होतं. न वाचता!

झालं असं. काकांचे पॉवरलूम आहेत, काम सगळं जॉबवर्कचं. दादाने गेल्या वर्षी प्रिंटेड कुर्तीचं कापड सुरू केलं. मी त्याला एका साइटवरून फुलांचं डिझाइन ९०० रुपयांना घेऊन दिलं. सॅम्पल बघून मुंबईच्या एका शेठनी २,००० पीसची ऑर्डर दिली, वर अ‍ॅडव्हान्सही दिला. अट एकच : "हे डिझाइन दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, तसं लिहून द्या." दादा 'हो' म्हणून मोकळा झाला आणि रात्री मला फोन. "जरा ते लायसन्स बघ ना."

बघितलं. एक, विक्रीच्या मालाची मर्यादा ५०० पीस. दोन, लायसन्स 'नॉन-एक्सक्लुझिव्ह', म्हणजे तीच फुलं उद्या सुरतेतही कुणी विकत घेऊ शकतो. तीन, मूळ फाइल पुढे कुणाला द्यायची नाही. फक्त आपलं काम करणाऱ्या प्रिंटिंगवाल्याला त्या कामापुरती देता येते. म्हणजे दादाने शेठना जे कबूल केलं होतं, ते त्याच्याकडे नव्हतंच.

काका म्हणाले, "पैसे मोजलेत ना? मग माल आपला!"

मी विचारलं, "काका, व्यापाऱ्याचं सूत तुमच्या कारखान्यात येतं, बीम तुमच्या लूमवर चढतो. मग ते सूत तुमचं होतं का?"

काका गप्प. जॉबवर्कवाल्या माणसाला हे लगेच कळतं. वस्तू हातात असणं वेगळं आणि मालकी वेगळी. आपण डिझाइन विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी विकत घेतो. अर्थात उदाहरण थोडं लंगडं आहे. सूत एका वेळी एकाच लूमवर चढतं, फाइल मात्र हजार जणांना विकता येते. म्हणून तर ती ९०० रुपयांत मिळते!

प्रत्येक साइटचे नियम वेगळे असतात, पण साचा बहुतेक सारखाच. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक यांच्या स्टँडर्ड लायसन्समध्ये छापील प्रतींची मर्यादा ५ लाख आहे. जाहिरात, पत्रक, मासिकाचं कव्हर यासाठी ती भरपूर झाली. पण टी-शर्ट किंवा मग अशी विकायची वस्तू, जी लोक त्या चित्रासाठीच घेतात, तिला स्टँडर्ड चालत नाही. वरचं महाग लायसन्स लागतं. फेस्टच्या टी-शर्ट कमिटीने हे जरूर वाचावं. (मागच्या वर्षीच्या टी-शर्टबद्दल मी काही बोलत नाही.)

मग दादाची आयडिया : "हेच डिझाइन आपल्या नावावर रजिस्टर करून टाकू." तेही जमत नाही. डिझाइन्स अ‍ॅक्ट २००० प्रमाणे डिझाइन नवीन हवं, आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. साइटवर विकायला ठेवलेलं डिझाइन नवीन कसं म्हणायचं?

हे शोधताना मला कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ मधलं कलम १५ सापडलं. भिवंडीतल्या प्रत्येक कारखान्यात लावून ठेवावं असं आहे ते. रजिस्टर होऊ शकणारं डिझाइन तुम्ही रजिस्टर केलं नाही आणि ते लावलेली वस्तू मशीनवर ५० पेक्षा जास्त वेळा बनली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. पन्नास! आपल्याकडे पन्नास पीस म्हणजे काहीच नाही. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या सोफ्याच्या कापडाच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये हेच सांगितलं. कंपनीने डिझाइन रजिस्टर केलं नव्हतं, त्यामुळे कॉपीराइटचा आधार मिळाला नाही.

दादा खूश. "म्हणजे ती फुलंही आता फुकटच की!" नाही रे बाबा. आपण क्लिक करून करार केलाय. कॉपीराइटचं काहीही होवो, कबूल केलेली अट मोडली तर तो वेगळा प्रश्न उभा राहतोच.

फॉन्टचीही हीच गोष्ट. विकतच्या फॉन्टचं साधं लायसन्स बहुधा कॉम्प्युटर मोजून मिळतं. बॅनर कितीही छापा, पण पेन ड्राइव्हमधून मित्राला फॉन्ट दिला की अट मोडली. आपण सगळे हे करतो, मीही केलंय. पण मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे सुंदर देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्यासाठी वापरा, कॉपी करा, वाटा. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही. मग चोरीचा कशाला घ्यायचा?

असो. दादाने शेठना खरं काय ते सांगितलं. ते चिडले, पीसमागे ४ रुपये कमी केले, म्हणजे ८,००० गेले. वरचं लायसन्स घ्यायचे पैसे वेगळे. ऑर्डर मात्र राहिली, 'फक्त तुम्हालाच' हे वाक्य काढून.

पुढच्या सीझनसाठी दादाने कल्याणच्या एका आर्टच्या मुलीकडून नवीन डिझाइन काढून घेतलंय. यावेळी करार आधी, तोही लेखी. हक्क कायमचा द्यायचा असेल तर मुदत आणि प्रदेश लिहायलाच हवा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तिचं मानधन ९०० च्या कितीतरी पट झालं, पण रजिस्ट्रेशन झालं की १० वर्षं हक्क राहतो आणि आणखी ५ वर्षं वाढवता येतो.

अर्ज जाण्याआधी डिझाइन बाहेर दिसलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून सॅम्पलचा ताका सध्या काकांच्या कपाटात आहे. किल्ली काकांकडे, आणि ते दादालाही देत नाहीत.